सिरियल चालू असेपर्यंत

सिरियल गुरुवारी संध्याकाळी लागायची आणि माझा जीव बुधवारपासूनच थाऱ्यावर नसायचा. सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत तेव्हा टीव्ही एकच, आमचा, ब्लॅक अँड व्हाइट, सरकत्या लाकडी शटरचा. गुरुवारी आमच्या पुढच्या खोलीबाहेर चपलांना जागा उरत नसे. बाया डावीकडे चटईवर, पुरुष उजवीकडे, आणि मधोमध उशी ठेवलेली एक लोखंडी खुर्ची रिकामी. गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक होतं की त्या खुर्चीला हात लावायचा नाही. तिच्यावर सावनेरहून येणारा एकच माणूस बसायचा. त्याच्याशी माझा साखरपुडा झाला होता.

साखरपुडा झालेल्यांनी लग्नाआधी भेटायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. पण टीव्ही पाहायला येणं म्हणजे भेटणं नव्हे, असं माझ्या आईनं परस्पर ठरवून टाकलं. सारी गल्ली येते, त्यात जावई आला तर कोण काय बोलणार? तो खाणीच्या ऑफिसात कारकून होता. सुटला की बस धरून यायचा, सिरियल बघायचा, आईनं कोथिंबीर भरून तळलेल्या सांभारवडीचा फडशा पाडायचा आणि शेवटच्या बसनं परत जायचा. आमच्यात एक शब्दही होत नसे. मी बायांच्या घोळक्यातून तिरप्या नजरेनं पाहून घ्यायची, तेवढंच.

एकदा मात्र वारं सुटलं आणि चित्र नाचायला लागलं. तो उठला, गच्चीवर गेला आणि अँटेना फिरवू लागला. खाली खिडकीशी मी.

"आलं काय?" वरून आवाज आला.

चित्र लख्ख आलं होतं. मी ओरडले, "नाही! अजून थोडं!"

"आता?"

"नाही आलं!"

मागून बाया हसत होत्या, एकीनं मला चिमटाही काढला. आमचं तोवरचं सर्वांत लांब संभाषण ते. त्या आवाजाच्या मी प्रेमात पडले होते, हे सरळच सांगते.

आता त्या सिरियलचं. तिची नायिका माझ्यासारखीच मास्तरीण होती. मी तिसरीच्या वर्गाला शिकवायची, आणि ती चाळीस पोरांची खोली मला घरापेक्षा जास्त आपली वाटे. लग्नाच्या बोलणीत नोकरीचा विषय निघालाच नाही. मी तोंड उघडलं तशी आईनं डोळे वटारले आणि मी चहाचे कप उचलून आत गेले. तेव्हापासून तो प्रश्न दातात अडकल्यासारखा सलत होता. मग एका भागात नायक नायिकेला म्हणाला, लग्नानंतरही तुझी शाळा सुटणार नाही. खुर्चीतल्या माणसानं हळूच मान डोलावली. ती मान मी पाहिली आणि त्या रात्री किती दिवसांनी शांत झोपले.

मग सिरियलची पार रया गेली. नायिकेचं लग्न झालं आणि शाळेचं नावही कुणी काढेना. नायक परदेशी गेला. सासूचं डोकं दुखू लागलं ते दुखतच राहिलं. नायिका तोच जिना चढायची, उतरायची आणि खांबाला टेकून रडायची. गल्लीचा धीर सुटला. शेजारची काकू चटईवरून उठता उठता म्हणाली, "आता काय, रडूनच राहिली ते. मी जातो बाप्पा, मले भाजी चिराची आहे." एकेक करत सारेच गळले.

खोलीत उरलो आम्ही तिघं. तो, मी आणि बाबा. बाबा पहिल्या जाहिरातीलाच पेंगायचे. आई स्वयंपाकघरात. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता टीव्ही बंद करणंच शक्य नाही. तो चालू आहे तोवर आम्ही टीव्ही पाहतो आहोत. बंद केला की ती भेट झाली! म्हणून ते रडगाणं ऐकत मी चटईवर चुळबुळत राहायची, उगाच पाणी प्यायला उठायची, पदराला पीळ घालायची.

एका गुरुवारी पडद्यावरची सासू म्हणाली, घरची लक्ष्मी घरातच शोभते. मी खुर्चीकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली. तशीच, हळूच, पहिल्यासारखी. पत्रिका छापायला जायच्या होत्या, बस्ता बांधून झाला होता, आणि शाळेतल्या मोठ्या बाई रोज विचारत होत्या की पुढच्या सत्रात तू आहेस का.

मी उठले आणि बटण बंद केलं.

शांततेनं बाबा दचकून जागे झाले. "लाइट गेली काय?"

"नाही, मीच बंद केला." मग मी खुर्चीकडे वळले. "लग्नानंतर माह्या शाळेचं काय?"

तो गोंधळला. "ते... आईले विचारा लागन."

"तुम्हाले काय वाटते?"

"मले काय वाटन? आई म्हणन तसं."

"मंग तो हिरो तिले म्हणे की तुही शाळा नाही सुटणार, तवा तुम्ही मान काहून डोलावली?"

त्यानं खरोखर आठवून पाहिलं. चेहऱ्यावर लबाडी तिळभर नव्हती, असती तर मला भांडता तरी आलं असतं.

"ते तर सिरियल होती नं," तो म्हणाला.

आई सांभारवडीची ताटली घेऊन दारात उभी होती. मी म्हणाले, "मले नाही जमणार," आणि बोटातली अंगठी काढून खुर्चीच्या हातावर ठेवली. तो ती घेऊन निघून गेला. ताटली तशीच राहिली.

आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. बाबा रागावले नाहीत, पण घरात त्यांचा खोकला तेवढा ऐकू येई. मी शाळेत जात राहिले. पुढच्या गुरुवारी सवयीनं टीव्ही लागला. बाहेर वारं होतं, चित्र नाचत होतं. बाबा उठून गच्चीवर गेले.

"आलं काय वं?" वरून आवाज आला.

चित्र केव्हाच लख्ख आलं होतं.

"नाही आलं बाबा, अजून थोडं!" मी ओरडले, आणि ते खाली यायच्या आत तोंडात पदर कोंबून रडून घेतलं.