घाटापुरते सोबती

शनिवार, २९ जुलै १९९५. सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या पेट्रोल पंपावर मी गाडी लावली, तेव्हा प्रल्हाद मेश्राम रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून डांबरावर तळहात टेकवून होते. ही त्यांची नेहमीची सवय. कोलोरॅडोत ते सरकारी रस्त्यांच्या डांबराची तपासणी करीत. रस्त्याला हात लावून पाहिल्याशिवाय ते सायकलवर बसत नसत.

"रात्री पाणी पडून गेलं इथं," ते म्हणाले. "उतरताना तिसऱ्या वळणावर जपा, दामलेजी. नवीन डांबर आहे, अजून तेल सोडून राहिलं."

चार उन्हाळे आम्ही दर शनिवारी हा घाट चढलो. रस्ता अकरा हजार फुटांच्या वर जातो. शेवटचे तीन मैल झाडे नसतात; खडक, खुरटे गवत, जुलैतही न वितळलेले बर्फाचे पट्टे आणि समोरून येणारा वारा. त्या वाऱ्यात मेश्राम नेहमी पुढे असत. मागे वळून न पाहता म्हणत, "माझ्या चाकाला चिकटून राहा. वारा मी खातो." मी दम टाकत घाई करू लागलो की म्हणत, "हळू चला नं. डोंगर कुठं पळून राहिला का?"

पहिली भेट याच पंपावर झाली. माझा हवा भरायचा पंप नादुरुस्त होता, त्यांनी आपला दिला आणि मराठीत विचारले, "हवा किती भरता?" परक्या मुलखात मराठी ऐकून मला आनंद झाला, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मी चौकशी सुरू केली. मूळचे कुठले? नागपूर. नागपुरात कुठे? इंदोऱ्याला. आडनाव? मेश्राम. पुढे मी काही विचारले नाही. मी थांबलो हे त्यांच्या लक्षात आले. ते हसले आणि म्हणाले, "झाली नं तपासणी? आता चाकाकडं पाहा."

मी त्यांना नेहमी अहो-जाहो करीत असे. तेवढे पुरेसे आहे, असे मला वाटे.

त्याच उन्हाळ्यात माझे मागचे चाक वाकले. ते सरळ करायला मी एका शनिवारी त्यांच्या घरी गेलो. काम संपेपर्यंत त्यांच्या पत्नीने, सुनंदाबाईंनी, पाने घेतली होती. वांग्याचे भरीत आणि गरम भाकरी. मी म्हणालो, "मला शनिवारचा उपवास असतो." असा उपवास मी जन्मात कधी केलेला नव्हता. वाक्य आपोआप आले. ते कोठून आले हे मला ठाऊक होते, आणि म्हणूनच मी त्याचा पुढे विचार केला नाही.

पुढच्या शनिवारी घाटमाथ्यावर मेश्रामांनी खिशातून एक पुडी काढली. उकडलेले रताळे आणि चार खजूर. "तुमचा मारुती तुम्ही सांभाळा," ते म्हणाले, "पण उपाशी माणूस उतारावर चक्कर येऊन पडला तर मला उचलून न्यावं लागंल." ते स्वतः बौद्ध, उपासतापास मानत नसत. तरी त्या दिवसापासून दर शनिवारी रताळे येऊ लागले. मी ते खात असे. सुनंदाबाई पहाटे उठून ते उकडतात, हे मला नंतर कळले.

एकदा पलीकडच्या गावातल्या बेकरीत भूक न आवरून मी चीज सँडविच मागवले. अर्धे खाल्ल्यावर वार आठवला. मेश्राम कॉफी ढवळत होते. "उपवासही घाट पाहून असतो, बाप्पा," एवढेच बोलले. पुढच्या शनिवारी पुडी नेहमीप्रमाणे आली.

माझ्या घरी ते कधी आले नाहीत. मी बोलावले नाही. मी शनिवारी एकटाच सायकल चालवतो, असा माझ्या घरच्यांचा समज होता, आणि तो मीच करून दिला होता.

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या नव्या घराची सत्यनारायणाची पूजा होती. तीस कुटुंबांना आमंत्रण होते. मी मेश्रामांना फक्त म्हणालो, "आज एकपर्यंत घरी पोचायला हवं."

"पूजा आहे नं?" ते म्हणाले. "किराणा दुकानवाला विचारून राहिला होता, तुम्हीही जाऊन राहिले का दामल्यांकडं? म्हटलं, नाही भाऊ, आम्ही घाटापुरते सोबती."

ते थट्टेच्या सुरात बोलले. मी हेल्मेटचा पट्टा नीट केला. ते पूजेला आलेच नसते, अशी मी मनाची समजूत घातली. ती खरीही होती. परंतु चार वर्षांत पूजा नसलेले शनिवार पुष्कळ होते.

साडेअकराला आम्ही माथ्यावरून निघालो, तोच गारा सुरू झाल्या. दुसऱ्या मैलावर माझी ट्यूब फुटली. पूजेच्या गडबडीत जादा ट्यूब मी घरीच विसरलो होतो. मेश्रामांनी आपली एकुलती एक ट्यूब काढली, माझी बोटे आखडलेली पाहून स्वतःच बसवली, आणि आम्ही निघालो. पुढे दीड मैलावर एका धारदार खड्याने त्यांचे पुढचे चाक बसले.

"तुम्ही व्हा पुढं," ते म्हणाले. "घरी वाट पाहून राहिले असतील. मी ठिगळ लावून येतोच. नाहीच बसलं, तर तुम्ही गाडी घेऊन वर याल नं?"

"येतो," मी म्हणालो.

मी इंजिनिअर आहे. ओल्या रबरावर ठिगळ धरत नाही, हे मला माहीत होते.

एक वाजून दहा मिनिटांनी मी पंपावर पोचलो. दोघांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. वर परत जायला पंचवीस मिनिटे लागली असती. दहा मिनिटे मी घाटाकडे पाहत थांबलो. उशीर झाला तर घरी कारण सांगावे लागले असते, आणि कारण सांगायचे तर मेश्राम कोण हे सांगावे लागले असते. मी सायकल गाडीवर चढवली आणि घरी गेलो.

पुढे काय झाले ते आधीच सांगून टाकतो. त्यानंतरच्या शनिवारी मी पंपावर गेलो. ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारीही आले नाहीत. वसंतात त्यांनी ॲरिझोनात नोकरी धरली. गेल्या वर्षी ते वारल्याचे एका परिचिताकडून कळले. मी सुनंदाबाईंना पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले नाही, आणि येण्याचे कारणही नव्हते.

त्या दिवशी पावणेपाचला मी सोवळे नेसून पाटावर बसण्याच्या बेतात होतो. पाहुणे जमले होते. मुलगी मुक्ता फोन हातात घेऊन आली. "बाबा, समबडी नेम्ड सुनंदा. शी साउंड्स वरीड."

"हे अजून घरी आले नाही, भाऊ," सुनंदाबाई म्हणाल्या. "तुमच्याच संगं होते नं? मला गाडी चालवता येत नाही. कोणाला सांगू?"

गुरुजी माझ्याकडे पाहत होते. ते एरवी बँकेत नोकरी करीत, आणि सातला त्यांची दुसरी पूजा होती. मी म्हणालो, "येतील. पावसात कुठे थांबले असतील." फोन ठेवला.

"कोण हो?" शेजारच्या जोशींनी विचारले.

"सायकलवाले एक ओळखीचे आहेत."

मी पाटावर बसलो. कथेचे पाचही अध्याय ऐकले. आरती केली. एक तास आणि दहा मिनिटे गेली. मग स्वयंपाकघरात जाऊन पत्नीला, मालतीला, सगळे सांगितले. चार उन्हाळ्यांचेही सांगितले. तिच्या हातात प्रसादाची वाटी होती. ती म्हणाली, "आणि तुम्ही पाटावर बसलात कसे?" तिने गाडीची किल्ली काढून दिली.

सात वाजता, उन्हे अजून कड्यावर असताना, पायथ्यापासून पाचव्या मैलावर मला ते दिसले. सायकल हातात धरून पायी उतरत होते. सायकलचे कडक तळाचे बूट हँडलला टांगले होते. मोजे फाटले होते आणि टाचांतून रक्त येत होते. दोन गाड्या त्यांच्यासाठी थांबल्या होत्या, परंतु सायकल घ्यायला त्यांत जागा नव्हती, आणि सायकल टाकून ते आले नसते. गाडी घेऊन मी येणार, असे ते त्या दोघांनाही सांगत राहिले होते.

मी उतरलो.

"पूजा आटोपली?" त्यांनी विचारले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते.

"आटोपली."

त्यांनी मान हलवली. मी त्यांची सायकल गाडीवर चढवली. उतरताना तिसऱ्या वळणावर ते म्हणाले, "हळू घ्या."

त्यांची गाडी पंपावरच ठेवून मी त्यांना घरी नेले. दारात सुनंदाबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना आत नेले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. दार मात्र त्यांनी उघडे ठेवले. आतून पाणी तापवल्याचा आवाज येत होता. मला क्षमा मागायची होती. त्यासाठी आत जावे लागले असते, आणि त्या घरात जाण्याचा आपल्याला काय अधिकार, असे मला प्रथमच वाटले.

मी त्यांची सायकल गॅरेजमध्ये नेली. कोपऱ्यात एक फडके सापडले. दिवसभराच्या पाण्याने साखळीवर तांबूस गंज धरू लागला होता. तो पुसला, कडी कडी कोरडी केली, तेल घातले, जास्तीचे तेल टिपून काढले. मग सायकल भिंतीला टेकवली, फडके घडी करून सीटवर ठेवले आणि गॅरेजचे दार बाहेरून ओढून घेतले.