खंडेनवमीचं गाऱ्हाणं

मराठी चौथीत शाळा सुटली आणि अठराव्या वर्षी पोटासाठी मी कोकणातून सोलापुरास आलो. ज्याच्या नावाची चिठ्ठी खिशात होती, तो मनुष्य केव्हाच गाव सोडून गेला होता. गिरणीच्या फाटकाशी रडकुंडीला येऊन उभा होतो, तेव्हा एका म्हाताऱ्या विणकराने मला घरी नेलं. त्यांना मी मामा म्हणू लागलो. त्यांनी मला माग शिकवला, तुटला धागा सांधायला शिकवलं. भाताच्या मुलखातल्या मला ज्वारीची भाकरी पचेपर्यंत मामी ती ताकात कुस्करून देत. त्यांचा एकुलता मुलगा जर्मनच्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला गेला, तो परतलाच नाही. त्याच्याच वाकळीवर मी झोपत असे. तरी धाकधूक होतीच, की एक दिवस ही माणसं म्हणतील, बाबा, आता तुझं तू बघ.

त्या वर्षी कापडाला उठाव नव्हता. निम्मे माग थंड. कोणी गैरहजर राहिला तर त्याच्या जागी लागणारे आम्ही बदलीवाले रोज सकाळी फाटकाशी जमायचो, भोंगा व्हायचा, आणि बहुतेक जण परत फिरायचो. गप्पा एकच.

"लढाईत काय दिवस हुते गा! तंबूचं कापड, खाकी कापड. मागाला उसंत नव्हती."

"मालकानं जिलबी वाटली हुती."

"आन बंगला बांदला, त्ये सांग की!"

आमच्यावरचा मुकादम, जॉबर, म्हणायचा, "लढाई झाली की मुलुख वर येतो बघा."

मामा एवढंच म्हणायचे, "त्याच साली मंडळीला लुगडं घ्याया गेलो. आमीच इनलेलं, आन दर दुप्पट. तसंच म्हागारी आलो."

कोणी ऐकत नसे. मीही नाही.

खंडेनवमीला गिरणीत आमच्या विणाई खात्यात मागांची पूजा होती. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, धोट्यांची ओळ मांडलेली. जॉबर मला म्हणाला, "ये कोकण्या, तुमच्यात त्ये गाऱ्हाणं घालत्यात म्हनं. घाल की आज."

आमच्याकडे एकाने नारळ हाती धरून देवाला मागणं सांगायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, अशी रीत. इतक्या दूर कोणी माझ्या गावची गोष्ट मागितली, मी फुगलो.

"बा देवा म्हाराजा, हे माग चालते ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"बदलीवाल्यांना कायम कर!"

"व्हय म्हाराजा!"

सगळं खातं घुमलं. जॉबरने कोपर मारलं, "लढाईचं माग की रं."

आणि मी मागितलं. "सायबाच्या मुलखात पुन्हा थोरली लढाई लाव, तंबूच्या कापडाची मागणी धाड, या गिरणीची भरभराट कर!"

"व्हय म्हाराजा!" हा आवाज सगळ्यांत मोठा. मी नारळ फोडला. मान वर केली तेव्हा मामा दिसले. हातात झेंडूची माळ तशीच, ओठ मिटलेले.

घरापर्यंत ते माझ्यापुढे चार पावलं चालत राहिले. मनात मी माझी वळकटी बांधून मोकळा झालो होतो. दाराशी कसंबसं म्हणालो, "मामा, चुकलं माझं."

त्यांनी वहाणा काढल्या. "तुजं एकट्याचं काय? समदी व्हय म्हनली की." मग वहाणा भिंतीशी लावत, "आमच्या येळंला बी कुनीतरी नारळ फोडला आसंल. तितं प्वार मरत हुतं, आन मी हितं तंबूचं कापड इनत हुतो. जिलबी बी खाल्ली की मी."

आतून मामी आल्या. "परसाद आनला का रं?"

खोबऱ्याचा तुकडा माझ्या मुठीत होता, घामाने ओला. तो द्यावा की टाकावा कळेना. त्यांनीच मूठ सोडवून घेतला.

"काय मागितलंस देवाजवळ?"

मी उंबऱ्याकडे बघू लागलो. मामाच म्हणाले, "काम. काम मागितलं पोरानं."

"ब्येस केलंस," मामी म्हणाल्या. "दील की देव." आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मोडून त्यांनी माझ्याच तोंडात घातला.