आरशामागची सावली

ताईचा हात हवेतच थांबला. अंगठा वर, दोन बोटं वाकलेली, भुवया कपाळात चढलेल्या. पडद्यावरचं चित्र काही केल्या हलेना.

"अगं ए! ताई पुन्हा गोठली!" आरसेकाका ओरडले.

"आत्याबाई नाही गोठल्या, बाबा. वायफाय गेलंय." सून हात पुसत स्वयंपाकघरातून आली.

आरसेकाकांचा सगळा जन्म काचेच्या पाठीवर चांदीचा लेप चढवण्यात गेला. गल्लीत त्यांना दुसरं नावच उरलं नव्हतं. त्यांची थोरली बहीण जन्मापासून बहिरी. ती शाळेत कधी गेलीच नाही. दोघा भावंडांनी लहानपणी पायरीवर बसून बोटांची एक भाषा रचली, आणि ती बोलणारी माणसं आजही जगात दोनच होती. ताईच्या पोटच्या मुलालासुद्धा त्यातलं 'जेवलास?' आणि 'गप्प बस' एवढंच कळायचं.

उद्या ताईच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन होतं. बोलता हातच प्लास्टरमध्ये जाणार. पण गप्प बसेल ती ताई कसली! तिने डाव्या हाताने बोलायचे नवे शब्द रचले होते आणि ते भावाला आजच शिकवायचे होते. उद्या शुद्धीवर आल्यावर ती काय सांगतेय, काय दुखतंय, हे डॉक्टरांना उलगडून सांगणारा दुसरा होता कोण?

"फोनवर बघा ना," सून म्हणाली.

"फोन धरायचा तर एक हात जातो. एका हाताने मी तोतरा होतो. टेकवून ठेवला तर तिची बोटं तांदळाएवढी दिसतात."

"आत्याबाई तर आता डाव्या हातानेच बोलणार आहेत."

"ती ताई आहे! माझं तसं नाही."

सुनेने राउटर बंद करून चालू केला. लॅपटॉपला वायफायचं नाव विसरायला लावलं, पासवर्ड नव्याने घातला. मग लॅपटॉपच बंद करून चालू केला; तो उठेपर्यंत दोघांचा चहा पिऊन झाला.

"म्हातारा झालाय हो हा."

"हा आला तेव्हा तुझं लग्नसुद्धा झालं नव्हतं."

"म्हणजे मानाने माझ्या वरचा. मग काय, रुसणारच!"

खिडकीतलं ऊन उतरणीला लागलं होतं. काका सारखे मागे वळून ते बघत होते. उजेड गेला की दिव्याखाली त्यांची बोटं ताईला नीट दिसायची नाहीत.

सुनेने लॅपटॉप उचलला आणि स्वयंपाकघरात नेला. काय आश्चर्य! पडद्याच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या रेघा भरल्या, ताई हलू लागली. काका धावले, हातवारे करू लागले. ताईने डोळे बारीक केले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काय म्हणतात?"

"म्हणते, कोळशाच्या पोत्यात शिरलायस का!"

वरात परत खोलीत आली. टेबलाजवळ येताच रेघा गळाल्या. सून बाजूला सरकली, भरल्या. परत आली, गेल्या. लॅपटॉप छातीशी धरून ती मागेपुढे झुलत राहिली. नाच बसवत असल्यासारखी.

"बाबा, बरोब्बर इथेच. टेबलावर कसली तरी सावली पडल्यासारखं होतंय."

"सावली? कशाची?"

दोघांनी एकदमच वर पाहिलं. लॅपटॉपच्या मागे, लाकडी फळ्यांच्या आडभिंतीवर, काकांच्या हातचा पुरुषभर उंच आरसा होता. भिंतीच्या पलीकडे राउटर. ताई गेल्या आठवड्यात तक्रार करत होती, तुझ्या पाठीशी खिडकी, तुझे हात काळे दिसतात. म्हणून काकांनीच तो तिथे टांगला होता. ऊन आरशावर पडून पुन्हा त्यांच्या बोटांवर यायचं.

"हे वायफाय," काका हळू आवाजात म्हणाले, "असतं कसं?"

"उजेडाचंच भावंड म्हणा. आपल्याला दिसत नाही एवढंच. लाकडातून जातं, भिंतीतूनही जातं."

"आणि चांदीतून?"

सुनेने आरशाकडे बघत नकारार्थी मान हलवली. काकांनी आरशाच्या कडेवर तळवा ठेवला. हा लेप त्यांनी दिला तेव्हा वायफाय हा शब्दही त्यांच्या कानांवर आला नव्हता. दिसेल तेवढा उजेड परत पाठवायचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आणि त्या पातळ थराने, कुणी न सांगता, न दिसणारा उजेडही अडवून धरला होता. घरात इतकं काही ये-जा करत होतं! ताईचे हात, तिच्या भुवया, तिचं रागावणं, सगळं त्यांच्या अंगावरून, फळ्यांमधून वाहत होतं आणि त्यांच्याच चांदीवर आपटून मागे फिरत होतं. काकांच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांनी हात झटकन मागे घेतला, कुणाच्या तरी वाटेत आल्यासारखा.

"उचल," ते म्हणाले. "त्या टोकाला धर. सांभाळून!"

आरसा कपाटाला तिरपा टेकवला. काका खुर्चीवर बसून सांगत राहिले, थोडा इकडे, अजून, बास! ऊन कपाटाकडून वळून त्यांच्या बोटांवर येऊन बसलं. आडभिंत मोकळी झाली होती.

रेघा भरल्या. ताई दिसली. तिने आधी भावाला मनसोक्त झापलं, मग उजवा हात मुद्दाम पदराखाली लपवला आणि डावा वर केला. कधी बोलला नव्हता असा हात. अडखळत त्याने पहिला शब्द काढला. तिच्या डोळ्यांसमोरून बोटं फिरली, आरसा चमकावा तशी.

"काय म्हणाल्या?" सुनेने विचारलं.

"माझं नाव," काका म्हणाले. त्यांचा स्वतःचा डावा हात तोच शब्द गिरवू लागला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याचा चेहरा पडद्यावर आला, घामेजलेला. शेजारी डॉक्टर. "मामा, आई केव्हाची हात नाचवतेय. आम्हाला काही कळत नाही!"

पांढऱ्या चादरीवर ताईचा डावा हात उठला. काका पुढे वाकले, डोळ्यांत प्राण आणून.

"प्लास्टर बोटांपाशी काचतंय म्हणते. सैल करा आधी."

डॉक्टर लगेच तिच्या हातावर वाकल्या. ताईचा चेहरा निवळला. हात मात्र थांबला नव्हता.

"आता काय, मामा?"

काकांना हसू फुटलं आणि डोळेही भरले. "सूनबाई," ते वळून म्हणाले, "तो आरसा जरा डावीकडे घे. माझा अंगठा दिसत नाही म्हणते."