एकच शीट बाकी

केजच्या स्टँडाबाहेर काळ्या-पिवळ्या जीपांना माणसं गोळा करून द्यायचं काम निवृत्ती करायचा. अकरा वर्षं झाली होती. "नेकनूर-मांजरसुंबा-बीड, नेकनूर-मांजरसुंबा-बीड, चला, एकच शीट बाकी!" हे तो एका दमात असं म्हणायचा, की माणूस आत बसल्यावर विचार करी, आपल्याला खरंच बीडला जायचं होतं का? जीपमध्ये चौदा माणसं कोंबली तरी शीट एकच बाकी असे, आणि जीप रिकामी असली तरी एकच. घरी मात्र स्वारी मुकी. बायको यशोधरा म्हणायची, "समदं स्टँडावर सांडून येता. आमच्यासाठी चार शबूद ठिवत जा की."

सत्त्याण्णव साली केजात केबल आली. सिद्धारामच्या कॅसेटच्या दुकानात एका दुपारी निवृत्ती चहा पीत बसला होता, आणि टीव्हीवर उलट्या टोप्या घातलेले दोन गडी हातवारे करत भराभरा बोलत होते. गाणं म्हणावं तर चाल नाही, भांडण म्हणावं तर मागं ढोल.

"ह्याला हिप-हॉप म्हणतेत," सिद्धाराम म्हणाला. "ह्याच्या कॅसेटी निघतेत."

"अबे, हे तर मी रोज सकाळी सातपासून करतो!" निवृत्तीचा चहा बशीतच राहिला.

तिथंच दोघांची पार्टी जमली. नाव ठेवलं 'फ्रंट शीट', कारण ड्रायव्हरशेजारची जागा म्हणजे जीपमधली सगळ्यात मानाची. सिद्धारामची एकच अट होती, ठेका जुना पाहिजे. त्याच्या वडिलांनी, म्हणजे विरुपाक्षअप्पांनी, वीस वर्षांपूर्वी लग्नाच्या वरातींचे बँड स्पूलच्या टेपवर भरून ठेवले होते. मधूनच घोडं खिंकाळायचं, कुणीतरी "नवरदेवाची चप्पल कुठाय?" ओरडायचं. तेही तसंच ठेवायचं ठरलं. "जुना माल, नवं पाकीट," सिद्धाराम म्हणाला. त्या वर्षांत साबणापासून बिस्किटापर्यंत सगळ्यांचं तेच चाललं होतं.

रेकॉर्डिंग अप्पांच्या गोदामात झालं, तुरीच्या पोत्यांच्या मधोमध, म्हणजे आवाज घुमणार नाही. पण माईक समोर आला आणि निवृत्तीची दातखीळ बसली. समोर पॅसेंजर नसेल तर तो बोलणार तरी कुणाशी? शेवटी सिद्धारामनं एक पोतं उभं केलं आणि त्याच्या डोक्यावरून लुगड्याचा पदर घेतला. झालं! पठ्ठ्या सुटला.

"ओ मावशी, कुठं चालल्या?" एवढं विचारून तो सवयीनं थांबला, पोत्याला उत्तर द्यायला सवड दिली, आणि मग, "बरं बरं, बसा, आपलीच गाडी हाय!"

कॅसेटवरच्या फोटोसाठी सिद्धारामनं अप्पांची गांधी टोपी उलटी घातली. ती सुलटीच दिसली.

कुठली कंपनी विचारणार नव्हतीच, म्हणून दुकानातल्या टेपवर दोघांनीच शंभर कॅसेटी भरल्या. नव्वद दुकानातच राहिल्या. उरलेल्या दहा जीपवाल्यांनी उचलल्या आणि टपावरच्या कर्ण्याला जोडल्या. स्टँड दणाणून गेला. तीन दिवस निवृत्तीचे पाय जमिनीला लागत नव्हते. चौथ्या दिवशी गहिनीनाथ ड्रायव्हर त्याला म्हणाला, "निवृत्ती, उद्यापून येऊ नगंस. तुझं काम तुझी कॅसेटच करायलीय. बिडी वढत न्हाई, घसा बसत न्हाई."

स्वतःच्याच आवाजानं स्वतःला कामावरून काढलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यावा तो असा, आणि वर त्या धोंड्याला ठेका! निवृत्ती समोरच्या लिंबाखाली बसून दिवसभर आपलंच ओरडणं ऐकायचा. त्याला फार वाईट वाटायचं. पोटाचं काहीतरी करता आलं असतं, पण आपण नसतानाही स्टँड चालतो हे त्याला सोसवेना. घरी तो पहिल्यासारखाच मुका, पण यशोधराला फरक कळला. तिनं आता टोमणेही बंद केले.

आठवड्यानं स्टँडवर जाईबाई नावाची एक म्हातारी आली. नेकनूरला लेकीच्या बाळाचं बारसं होतं, म्हणून हातात शिवलेली कुंची आणि घुगऱ्यांचा डबा. गहिनीनाथनं त्या दिवशी गाडी उलट्या दिशेला, अंबाजोगाईला लावली होती. टेप तीच.

कर्ण्यातून आवाज आला, "ओ मावशी, कुठं चालल्या?"

"नेकनूरला रं बाबा," जाईबाई कर्ण्याकडं बघून म्हणाली.

"बरं बरं, बसा, आपलीच गाडी हाय!"

संध्याकाळी ती अंबाजोगाईहून परत आली तेव्हा बारसं उरकलं होतं, घुगऱ्या आंबल्या होत्या, आणि तिनं लिंबाखालच्या निवृत्तीला कुंचीनंच बडवलं. "मुडद्या, तू इचारलं, मी सांगितलं, तूच बस म्हनलास! कावून खोटं बोललास?"

"मावशी, ते मी न्हवतो. ते पोत्याला म्हनलं होतं."

"मी तुला पोतं दिसते?"

सगळा स्टँड गोळा झाला. मग कळलं, त्या आठवड्यात अशी सतराजणं भलतीकडं पोचली होती, त्यात एक नवरदेवही होता. जाईबाई तरातरा जाऊन गहिनीनाथच्या पुढच्या शीटवर बसली आणि दांडी धरून म्हणाली, "आता खऱ्या तोंडानं इचारंल तवाच मी हालंन. तवर गाडी न्हाई हालायची."

गहिनीनाथनं मुकाट्यानं कॅसेट काढली. निवृत्ती उठून जीपपाशी आला. आठ दिवसांत घशाला गंज चढला होता. त्यानं दोनदा खाकरून घेतलं.

"ओ मावशी," तो म्हणाला, "कुठं चालल्या?"

जाईबाई मुद्दाम गप्प बसली. टेप असती तर एव्हाना पुढं गेली असती. निवृत्ती थांबला. लोकही थांबले. तो थांबूनच राहिला.

"नेकनूरला," शेवटी ती म्हणाली.

"मग उतरा मावशी," निवृत्ती म्हणाला, "ही अंबाजोगाईची हाय."