फटाफट वहिनींची सायकल

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना ‘फटाफट’ हे नाव कुणी ठेवलं याबद्दल इमारतीत वाद आहेत, पण ते चुकीचं आहे असं म्हणणारा अजून भेटायचाय. मागच्या गल्लीत त्यांचं पार्लर आहे. गिऱ्हाईक खुर्चीत टेकून पर्स कुठे ठेवू म्हणेपर्यंत तिची एक भुवई कोरून झालेली असते. लिफ्टला उशीर झाला की बाकीचे बटण दाबत बसतात. वहिनी लिफ्टला रागावतात. अशा बाईनं घरात भलीमोठी काचेची टाकी आणली आणि एकही मासा न सोडता नुसत्या पाण्यापुढे हात जोडून बसली म्हटल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना चहाबरोबर विषयच मिळाला.

टाकी आणली होती सासऱ्यांसाठी. हे सासरे म्हणजे कप्तान. उभा जन्म खाडीपलीकडे माणसं नेणारी फेरीबोट चालवली, कधी चक्कर आली नाही, आणि निवृत्तीनंतर घरच्या बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडून घेतलं. ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, “आता चालले तर चालतील. आत्ता पडून राहिले तर मग कायमचेच.” कप्तानांनी भिंतीकडे तोंड केलं. कोपऱ्यातल्या वॉकरवर टॉवेल वाळायला लागला.

“बाबा, हॉलपर्यंत तरी चला.”

“हॉलमध्ये बघायला काय आहे? तुझा नवरा?”

वहिनींना हे लागलं. नवऱ्याचं नव्हे, ते त्यांना पटलंच होतं. बघण्यासारखं काही नाही, हे लागलं. पाण्यावर वाढलेल्या माणसाला पाणी दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं, आणि टाकी मुद्दाम कप्तानांच्या खोलीपासून सगळ्यात लांबच्या भिंतीला लावली. दगड, वाळू, खारं पाणी, सगळं एका दुपारी झालं. पिशवी घेऊन त्या मासे आणायला गेल्या, तर दुकानदार हसला.

“वहिनी, आधी टाकी सायकल व्हायला हवी.”

“काय व्हायला हवी?”

“सायकल. चक्र बसायला हवं. पाण्यात मीठ घातलं की समुद्र होत नाही. मासा घाण करणार, घाणीनं पाणी विषारी होणार. ती घाण पचवणारे डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. दगडांवर, वाळूत राहतात. आधी ते भाडेकरू राहायला येऊ द्या. मासे नंतर, आणि प्रवाळ तर त्याच्याही नंतर.”

“बरं. संध्याकाळपर्यंत येतील?”

“महिना-दीड महिना धरा. तोवर त्यांच्या खाण्याला कोळंबीचा तुकडा टाका आणि सडू द्या.”

झालं. फटाफट वहिनी घरात कोळंबी सडवतायत, ही बातमी त्यांच्या आधी घरी पोचली. खालचा औषधवाला रोज विचारू लागला, “काय वहिनी, सायकल कुठली? गिअरची?” कप्तानही पलंगावरून विचारायचे, “टाकीला पॅडल मारता येतं का गं आता?”

सायकलीवरून बोलायचा त्यांना हक्क होता. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना सायकल शिकवली ती कप्तानांनीच, याच इमारतीच्या अंगणात. मागचं कॅरिअर धरून धावायचे आणि ओरडायचे, “धरलंय, धरलंय!” एकदा वहिनींनी वळून पाहिलं, तर सासरेबुवा पार फाटकापाशी उभे, हात खिशात, आणि तोंडानं चालूच, “धरलंय, धरलंय!”

रोज सकाळी वहिनी टाकीतलं पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायच्या. पिवळं राहिलं तर पाणी चांगलं, हिरवं झालं तर विषारी.

“बाबा, हिरवं!” त्या हॉलमधून ओरडायच्या.

“कालही हिरवंच होतं. नळी धुतेस ना?”

काही दिवसांनी त्या सांगायच्या आतच पलंगावरून प्रश्न यायला लागला, “आज काय?” आणि एका सकाळी कप्तान चक्क वॉकर धरून दाराच्या चौकटीत उभे. म्हणे वासाची तक्रार करायला आलो. तक्रार करून झाली तरी बराच वेळ टाकीकडे बघत राहिले. वहिनींनी पाहिलं नाही असं दाखवलं. बोलण्याची घाई आवरण्याची ती त्यांची पहिलीच खेप असावी.

हळूहळू हिरवा रंग पोपटी झाला. दगडांवर, वाळूवर तपकिरी थर चढला. दुकानदार खूश. “असा थर येतोच. चाललंय ते बरोबर चाललंय.”

नेमक्या त्याच आठवड्यात नणंद आल्या. या म्हणजे कप्तानांची थोरली लेक. यांच्या हाती चिखल दिला तरी तो घासून परत देतील. वहिनी पार्लरमध्ये होत्या. परत येऊन बघतात तर टाकी लखलखतेय आणि नणंदबाई हात पुसतायत.

“काय गं ही कळकट अवस्था! एकेक दगड नळाखाली धरून घासला, वाळू धुतली. साबण नाही हं लावला, तेवढं कळतं मला.”

आता भडका उडणार म्हणून समोरच्या बिऱ्हाडात टीव्हीचा आवाज कमी करण्यात आला. वहिनी टाकीकडे बघत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, “ताई, चमकतेय खरी.”

सकाळी नळीत रंग आला तो गर्द हिरवा.

“नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं,” दुकानदार म्हणाला. “भाडेकरू गेले, वहिनी. पुन्हा पहिल्यापासून.”

नवरा म्हणाला, “सोड ना दोन मासे. मेले तर दुसरे आणू. बाबा आत्ता कुठे दारापर्यंत आलेत. आता कंटाळले, तर पुन्हा उठायचे नाहीत.”

खोटं नव्हतं ते. वहिनींच्याही मनात तेच घोळत होतं. पण त्या म्हणाल्या, “आणि उठून त्यांनी काय बघायचं? उलटे तरंगणारे मासे?” आणि गेल्या कोळंबी आणायला.

कप्तानांना सांगणं सगळ्यात अवघड होतं.

“बाबा, पुन्हा हिरवं.”

वहिनी दाराशी पोचल्या तेव्हा मागून आवाज आला.

“नळ चालू होता तो मला ऐकू येत होता. वाटलं, भांडी घासतेय. उठून बघितलं नाही मी.” मग विचारलं, “रविवारी पुन्हा यायचीय का ती?”

“हो.”

“मग माझी खुर्ची टाकीसमोर लाव. आणि वॉकरवरचा तो टॉवेल काढ.”

तिथून पुढे पहारा सुरू झाला. कप्तान सकाळी खोलीतून निघायचे, टाकीपाशी पोचायचे आणि बोटीवर बसल्यासारखे बसायचे. नणंद रविवारी आल्या तेव्हा बापानं बसल्या जागी हुकूम सोडला, “हात मागे. लांबून बघ.” पन्नाशीची बाई शाळेतल्या पोरीसारखी हात मागे बांधून उभी! तपकिरी थर पुन्हा आला तेव्हा तिला तो काचेतून दाखवण्यात आला, वर तो कशासाठी लागतो हे पाठही करून घेण्यात आलं. आता रंग ओरडायचं कामही कप्तानांकडे गेलं होतं. नळी धुवायला ते स्वयंपाकघरापर्यंत स्वतः जायचे. इतरांनी धुतलेली त्यांना चालेना.

शेवटी पिवळं आलं. दुसऱ्या दिवशीही पिवळं, तिसऱ्याही. वहिनी दुकान उघडायच्या आधी दुकानापुढे हजर. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली मासोळ्यांची जोडी पिशवीत घेऊन त्या धापा टाकत घरात शिरल्या, तर खुर्ची रिकामी. खोली रिकामी. वॉकर नाही. वहिनी तशाच पिशवीसकट खाली धावल्या.

अंगणापलीकडे, औषधवाल्याच्या दुकानापुढे, कप्तान वॉकरला टेकून व्याख्यान देत होते. “भाडेकरू रे! डोळ्यांना न दिसणारे! गिअरची कसली विचारतोस?”

“बाबा! एकटे आलात?”

“नळी फुटली. नवीन घ्यायला आलो. ही काय, आणलीस वाटतं जोडी?” त्यांनी पिशवी उजेडात धरायला लावून नीट पाहिली. “पिशवी आधी पाण्यावर तरंगू द्यायची. मग टाकीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत. फटाफट सोडायचे नाहीत, सांगून ठेवतो.”

“हो बाबा. चला ना पण.”

ते वळले, वॉकर पुढे टाकला, आणि अंगणाच्या मधोमध जरा डगमगले.

“धरलंयस ना मागून?”

“धरलंय, धरलंय,” वहिनी म्हणाल्या, आणि पिशवी दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून दोन पावलं मागून चालत राहिल्या.