मुक्ता शनिवारी जेवली

कसारा घाट चढून एसटी इगतपुरीच्या गारव्यात शिरली तेव्हा मुक्ता पहिल्यांदा हसली. टोरांटोपासून तिने माझी बाही सोडली नव्हती. मुक्ता माझी मुलगी, विशी ओलांडलेली, जन्मापासून मतिमंद. बोलते चार-दोन शब्द आणि जेवते फक्त माझ्या हातून. तिचे बाबा भरवायला गेले तरी ओठ घट्ट मिटून बसते. माझ्या पोटातली गाठ काढायलाच हवी, असं डॉक्टर कधीपासून बजावत होते. पण मी दवाखान्यात पडले तर हिने खायचं काय? म्हणून हा बेत: नाशिकला मावसबहीण शैलाकडे राहायचं, मुक्ताला तिच्या हातची सवय लावायची आणि ऑपरेशन तिथेच उरकायचं.

नाशिकच्या द्वारका चौकात उतरलो आणि हॉर्नच्या कल्लोळाने घाबरून मुक्ताने भर रस्त्यात बसकण मारली. मी ओढतेय, ती हलत नाही. एका रिक्षावाल्याने आपली रिक्षा आमच्यामागे आडवी लावली आणि म्हणाला, "बसू द्या तिला ताई. घाई नाय." मागचे शिव्या घालत होते, हा शांतपणे तंबाखू मळत उभा. टोरांटोत अशा वेळी लोक सभ्यपणे नजर फिरवतात. ती सभ्यता मला नेहमी बोचते.

शैलाने जीव ओतला. शिरा केला, घावन केले, गाणी म्हटली. मुक्ताने तोंड उघडलं नाही. संध्याकाळी शैलाच रडायला लागली, तेव्हा तिची समजूत काढायचं काम माझ्याकडे आलं. मग डोळे पुसत तिने सिंधूताईंचं नाव काढलं.

सिंधूताई मूळच्या देवळा गावच्या. नवऱ्याचा कांद्याचा व्यापार तिकडे, आणि मुक्तासारख्याच आपल्या मुलाच्या, रघूच्या, शाळेसाठी नाशिकला येऊन राहिलेल्या. रघू आता चांगला बाप्या झालाय, तरी बाई गावी परतल्या नाहीत. हातभर बांगड्या, आवाज अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा. त्यांच्या गच्चीवर अशा मुलांच्या आया जमायच्या आणि जवळपास सगळ्या बाहेरून आलेल्या. बिहारची मालती तर नवऱ्याला सातपूरच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून आलेली. इथे तिचं ना सासर ना माहेर. म्हणून या बायकांनी एकमेकींनाच नातेवाईक करून टाकलं होतं. दर शनिवारी मुलांची अदलाबदल. माझा मुलगा तुझ्याकडे जेवेल, तुझी मुलगी हिच्याकडे. आईने डबा द्यायचा नाही आणि त्या घराकडे फिरकायचंही नाही. आई आजारी पडली तरी मूल उपाशी राहू नये, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप.

पहिल्या शनिवारी मुक्ताला सिंधूताईंकडे सोडताना मी तिचा निळा चमचा बरोबर दिला. सिंधूताईंनी तो माझ्याच पर्समध्ये परत टाकला. घरी जाते म्हणून निघाले खरी, पण पाय कसले हलतात! खिडकीशी जाऊन उभी राहिले. मुक्ताने मला पाहिलं आणि तोंडाजवळ आलेला घास ढकलून दिला. सिंधूताई तरातरा बाहेर आल्या.

"ताई, तुम्ही दिसल्या की ती दुसऱ्याकडं कशाला बघंल? पुढच्या शनिवारी तुम्ही वणीला जायचं. मालती, यांना घेऊन जा गं."

म्हणजे मला हद्दपारच केलं.

पुढच्या शनिवारी दिंडोरीच्या वाटेला दोन्हीकडे द्राक्षाचे मांडव होते. मालती हौसेने दाखवत होती. मला प्रत्येक मांडवाखाली उपाशी मुक्ता दिसत होती. वणीहून पुढे गडावर (सप्तशृंगीच्या डोंगराला इथे नुसतं गड म्हणतात) पायऱ्या चढताना मला दम लागला, तशी मालती माझ्याजवळ बसली.

"दीदी, पहिल्या बारी मी पन लई रडली. आता माझा बबलू तिकडून घरी यायला बघत नाय."

वर अठरा हातांची देवी पाहिली आणि मनात आलं, हिचं बरं आहे, हिला कितीही जणांना भरवता येईल. मागणं मात्र एकच मागितलं.

परतलो तेव्हा मुक्ता सिंधूताईंच्या ओट्यावर रघूशेजारी बसली होती. हनुवटीवर कढी वाळलेली. फुनके (वाफवलेल्या तूरडाळीचे मुटके) कढीत कुस्करून रघूला एक, हिला एक, असे घास गेले होते. मला पाहून मुक्ता हसली, पण उठली नाही. आनंद झाला. आणि खरं सांगते, हेवाही वाटला.

मुक्ता तशीच आणखी दोन-तीन घरांत जेवायला लागली, तेव्हा मी दवाखान्यात दाखल झाले. ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्धीवर आले तेव्हा उशाशी शैला होती. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "जेवली गं ती. मालतीकडे." त्या बायकांचे उपकार मी फेडू शकत नाही, फेडायला निघाले तर सिंधूताई रागावतील.

टोरांटोला परत येऊन मला तीन हिवाळे झाले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला आपण अशी मुलं घरी ठेवून येतो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून आमच्या इमारतीत मी शनिवार सुरू केलाय. एक पंजाबी घर, एक तमिळ, एक आमचं. गेल्या शनिवारी तमिळ वसंताचा मुलगा माझ्याकडे होता. घास हातात घेतला आणि बघते तर आमच्या तळमजल्याच्या खिडकीबाहेर बर्फात वसंता उभी.

मी दार उघडून तिला म्हटलं, "इथे वणी नाही, पण कोपऱ्यावर कॉफीचं दुकान आहे. जा, तासाभराने ये." वणी म्हणजे काय ते तिला कळलं नाही. डोळे पुसत ती निघाली, दोनदा वळून पाहिलं. मी दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला आणि भात कालवायला बसले.