दीड ते दोन

"आजचं झालं."

एवढं म्हणून भाऊ दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडायचे, संगणकावर उशीची जुनी खोळ चढवायचे आणि साहेबांचा चहा आणायला निघायचे. स्पीड किती झाला, परीक्षेला कधी बसणार, पास व्हाल का, काहीही विचारा, उत्तर तेवढंच. विचारणाराच खजील व्हायचा.

भाऊ आमच्या बाळापूरच्या कार्यालयात शिपाई होते. मी तिथे कनिष्ठ लिपिक, रोज अकोल्याहून एसटीने ये-जा करणारी. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणत.

टायपिंगचं प्रमाणपत्र मिळवलं की शिपायाला कारकुनाची बढती मिळू शकते. पण त्यात एक मेख आहे. शिपाई साठाव्या वर्षी निवृत्त होतो आणि कारकून अठ्ठावन्नाव्या. म्हणजे पन्नाशीनंतर बढती घेणं हा निव्वळ घाट्याचा सौदा. तुमच्या ओळखीत कोणी जुना शिपाई असेल तर पाहा, बढतीचा विषय निघाला की तो हमखास दुसऱ्या खोलीत फाईल शोधायला जातो. भाऊंनी मात्र त्रेपन्नाव्या वर्षी टायपिंग सुरू केलं. मला राहवलं नाही.

"भाऊ, हातची दोन वर्षं जातीन. काहून करून राहिले हे?"

"मॅडम, तीस वर्स झाले, लोकाईच्या टिपण्या या टेबलावरून त्या टेबलावर नेऊन राहिलो. एक तं माह्या सहीची जाऊ द्या."

टिपणी म्हणजे कारकून साहेबांपुढे फाईलवर लिहून ठेवतो तो मजकूर. त्याच्याखाली डाव्या कोपऱ्यात कारकुनाची सही असते. आम्ही ती दिवसातून वीसदा, जांभया देत करतो. भाऊंना ती एकदा करायची होती. अठ्ठावन्न पूर्ण व्हायच्या आत.

भंगारात काढलेला एक संगणक अभिलेख कक्षाच्या कोपऱ्यात पडला होता. मधल्या सुटीत भाऊ सात मिनिटांत भाकरी संपवत, कोपरापर्यंत हात धूत आणि बरोबर दीडला त्या संगणकापुढे बसत. दोनपर्यंत ते कोणाचेच नसत. एकदा जिल्ह्याहून बडे साहेब तपासणीला आले आणि त्यांनी पाणी मागितलं. भाऊ मान न वळवता म्हणाले, "माठ दाराजवळ हाय." आमच्या साहेबांनी स्वतः धावत जाऊन पाणी दिलं. त्यांच्या पोरीच्या लग्नात तर कमालच झाली. दीडच्या सुमारास फोटो काढणं चाललं होतं. त्यातल्या एकाही फोटोत भाऊंचे हात स्पष्ट आले नाहीत, कारण मांडीवर टायपिंग चालू होतं.

त्याच काळात मलाही विभागीय परीक्षा द्यायची होती. मी अभ्यासाचं वेळापत्रक केलं, चार रंगांत. कोणत्या महिन्यात कोणता पेपर, किती गुण, पास झाल्यावर कुठली साडी, सगळं त्यात होतं. वर लॅमिनेशनही करून आणलं. भाऊंनी ते हातात घेऊन कौतुकानं पाहिलं.

"झकास हाय मॅडम. मंग आज काय वाचलं?"

माणसानं इतकं खोचक असू नये. मी आठ दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही. नवव्या दिवशी दीड वाजता पुस्तक घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसले. रोज चार पानं, बस. लॅमिनेट केलेला कागद डब्याखाली घ्यायला फार सोयीचा पडला.

दोन वर्षांनी भाऊ परीक्षेला बसले. अकोल्याच्या केंद्राबाहेर मी थांबले होते. भाऊ बाहेर आले ते हसतच.

"मॅडम, काय हात चालला! वेळ उरला!"

मला कौतुक वाटलं. "उतारा कशावर होता?"

"थेच तं. मासिक सभेची सूचना."

पहिल्या दिवशी सरावासाठी म्हणून हाताला लागेल तो कागद मीच त्यांना दिला होता. मासिक सभेची सूचना. दोन वर्षं भाऊंनी रोज तोच कागद टाइप केला होता आणि माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. इतर उमेदवारांकडे चौकशी केली तेव्हा कळलं की उतारा झाडांच्या महत्त्वावर होता. भाऊंनी उताऱ्याकडे पाहत, 'सर्व सन्माननीय सदस्यांनी वेळेवर उपस्थित राहावे' इथपासून 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' इथपर्यंत, एकही चूक न करता सूचना टाइप केली होती.

अर्थात नापास. कार्यालय आठवडाभर हसलं. मीही हसले आणि मग घरी जाऊन रडले, कारण चूक माझी होती. भाऊ मात्र दुसऱ्या दिवशी दीडला हजर.

"मॅडम, बोटाईले एकच रस्ता माहीत झाला. आता रोज नवीन कागद द्या."

मग आम्ही सगळे कागद पुरवायला लागलो. लग्नपत्रिका, कीटकनाशकाच्या डब्यावरची सूचना, साहेबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची माहिती, गावच्या कबड्डी स्पर्धेचं पत्रक. साहेबांना गोळ्यांचे दुष्परिणाम भाऊंकडूनच कळले आणि त्यांनी डॉक्टर बदलला.

पुढच्या खेपेला थोडक्यात हुकलं. तोवर मी माझी परीक्षा पास झाले होते आणि मला त्याची लाज वाटत होती. भाऊ तिसऱ्यांदा बसले तेव्हा त्यांना सत्तावन्न पूर्ण होत आली होती. आता नाही तर कधीच नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

निकाल लागला तो नेमका एक वाजून पस्तीस मिनिटांनी. माझ्या मोबाईलवर दिसला. मी धावत अभिलेख कक्षात गेले आणि दारातच थांबले. भाऊ कसलीशी निविदा टाइप करत होते. माझ्यामागे एकेक जण येऊन उभा राहिला. साहेब रिकामा कप हातात घेऊन आले. त्यांना खुणेनंच सांगितलं, तेही गप्प उभे राहिले. पंचवीस मिनिटं आख्खं कार्यालय त्या माणसाच्या पाठीकडे पाहत होतं. आम्ही सरकारी माणसं इतका वेळ शांत बसल्याची दुसरी आठवण मला नाही.

दोनला भाऊ वळले आणि दचकले.

"काय झालं बाप्पा? कोन गेलं?"

"पास झाले तुमी, भाऊ," मी म्हटलं. साहेबांनी स्वतः खुर्ची ओढली. भाऊ तिच्या अगदी कडेवर बसले आणि आपल्या हातांकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी दीडला ते पुन्हा संगणकापुढे. "आता कशाले?" मी विचारलं.

"पास तं काल झालो ना, मॅडम."

बढतीचा आदेश मूर्तिजापूरचा निघाला. निवृत्तीला आठ महिने उरले होते. आम्ही निरोप दिला, शाल दिली, आणि मग मधल्या सुटीत अभिलेख कक्षाकडे जायला कोणाला काही कारण राहिलं नाही. मी डबा माझ्याच टेबलावर खायला लागले. मला त्यांची फार आठवण यायची.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज इतका चढलेला की काही तरी वाईट घडलं असंच मला वाटलं.

"मॅडम, माही पयली टिपणी गेली सायबाकडे. माह्या सहीची. सायबानं वापस पाठवली! लाल शाईनं गोल केला, समोर लिवलं, 'लिपिकाने खुलासा करावा.' लिपिकाने, मॅडम! शिपायाले कोनी खुलासा मागते काय?"

"अहो भाऊ, पण चूक काय झाली होती?"

"थे अजून पाह्यलंच नाही," भाऊ म्हणाले.